पिशवी

फेब्रुवारीत कॉड येतो आमच्या किनाऱ्याला
आणि मी रोज आठ तास काळजं काढते.
पोट चिरायचं, दोन बोटं आत,
पित्ताची पिशवी फुटू न देता
ते सायीच्या रंगाचं, मऊ, सोडवून बादलीत टाकायचं.
पिशवी फुटली की अख्खी बादली कडू,
आणि मुकादम कोरे असा ओरडतो
की त्याचीही फुटली असावी.

लोक काळीज म्हणतात आणि छातीवर हात ठेवतात.
आम्हा शेडमधल्या बायकांना खरं ठिकाण माहीत आहे.

एकवीस वर्षं झाली.
अंगठ्यालाच कळतं कुठलं निरोगी,
कुठल्यात अळीचं वेटोळं.
माझं मात्र मला कळलं नाही.

आधी आतडं बिघडलं, आस्लाक तान्हा असताना.
रक्त पडायचं. दिवसातून दहा-बारा वेळा.
शेडपासून संडासापर्यंत बेचाळीस पावलं,
वर एप्रनचे तीन बंद.
हा हिशेब कुणाला सांगितला नाही.
पोटातलं पोटात ठेवायचं, अशी इथली रीत.
मग गोळ्या लागू पडल्या
आणि मला वाटलं, सुटले.

पण रक्ताच्या कागदावर एक आकडा उतरेना.
बोटीने बोडोला गेले, एमआरआयच्या नळकांड्यात निजले.
डॉक्टर हेल्लेसनने पडद्यावर बोट ठेवलं :
यकृतातल्या पित्ताच्या नळ्या,
इथे फुगलेल्या, इथे चिमटलेल्या, पुन्हा फुगलेल्या.
'मण्यांची माळ म्हणतो आम्ही,' ती म्हणाली
आणि ओशाळली,
आजाराला दागिन्याचं नाव दिल्यासारखी.

मी विचारलं, कशाने? दारू तर मी
नाताळात घेते, तीही एक पेला.
म्हणाली, तुमच्याच रक्तातले शिपाई.
आतड्यात लढायला शिकले
आणि तिथून वर सरकले असतील.
नक्की कुणालाच माहीत नाही.

कुंपणाने शेत खाल्लं, एवढं मला समजलं.
कुंपणाला भूक का लागली, ते तिलाही नाही.

गोळी दिली. हे औषध म्हणे
पहिल्यांदा पांढऱ्या अस्वलाच्या पित्तात सापडलं.
'आकडा उतरेल कदाचित.
आजार उतरेल असं मी म्हणत नाही.'
शिवाय दरवर्षी मे महिन्यात
आतड्यात दुर्बीण, कारण दोन्ही एकत्र असले
की नजर ठेवावी लागते. कशावर, ते तिने सांगितलं.
मी खिडकीतून बंदर बघत होते.

रात्री खाज सुटते.
तळहात, तळपाय. वर पुरळ नाही, लाली नाही,
खाजवायला जावं तर जागाच सापडत नाही,
कातडीच्या आतून कुणी लोकर पांघरली आहे.
तीन वाजता यूस्टाइन उठतो,
पायरीवरचा बर्फ भांड्यांच्या टबात भरून आणतो,
माझे पाय त्यात ठेवतो
आणि समोर बसून स्वतःचेही.
त्याला काही झालेलं नाही. सोबत म्हणून.
बोलत नाही. दात तेवढे वाजतात त्याचे.

रविवारी उकडलेला कॉड, गाभोळी,
आणि वाडग्यात काळजं, तेलात तरंगणारी.
मी फक्त बटाटे घेते, तूपतेल हल्ली पचत नाही.
आस्लाक अकरा वर्षांचा. धक्क्यावर
कॉडच्या जिभा कापून सायकल घेतलीय त्याने.
चमचा धरून म्हणाला, 'तुझं असंच आहे?'
'हो,' मी म्हटलं. मग दुरुस्त केलं, 'होतं.'
'अगदीच खराब झालं तर?'
'ओस्लोला दुसरं बसवतात.'
'कुणाचं?'

जिभा कापणाऱ्या मुलाला
काय सांगायचं, कुणाचं.
यूस्टाइनने मिठाची वाटी पुढे सरकवली,
कुणी मागितली नव्हती.

सोमवारी पहाटे बोटी लागल्या.
हातमोजे चढवले, पहिल्या माशात दोन बोटं घातली.
पिशवी हिरवी, तट्ट, अजून कोमट.
कोरे मागून म्हणाला, आज हळू चाललंय तुझं.
मी म्हटलं, हो.